प्लॉट विकायच्या आधी

प्रश्न : माझा मुलगा ४ वर्षांचा आहे. ऑटिझम असल्याचं दीड वर्षापूर्वी कळलं. अजून दोन-चारच शब्द बोलतो. एका केंद्रात स्टेम सेलची (मूळ पेशींची) ३ इंजेक्शनं सांगितली आहेत, खर्च ६ लाख. बऱ्या झालेल्या मुलांचे व्हिडिओही दाखवले. ह्यांनी उमरेड रोडचा प्लॉट विकायला काढलाय. कुणाच्या तरी सांगण्यावरून पोळी आणि दूधही बंद केलंय. काय करू?
— एक आई, मानेवाडा

उत्तर : ताई, आधी प्लॉटचा सौदा थांबवा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रक्ताचे काही आजार सोडले तर स्टेम सेलचा वापर फक्त संशोधनाच्या मंजूर चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत पालकांकडून पैसे घ्यायचे नसतात. त्यांनी ६ लाख सांगितले, तिथेच तुम्हाला उत्तर मिळालं.

व्हिडिओतली मुलं खोटी नसतील. या वयाचं मूल सहा महिन्यांत बदलतंच. अमेरिकेत ऑटिझमवरचं औषध म्हणून सिक्रेटिन नावाच्या हार्मोनची अशीच हवा झाली होती. १९९९ मध्ये चाचणीचा निकाल आला. निम्म्या मुलांना सिक्रेटिन टोचलं, निम्म्यांना मिठाचं पाणी. कुणाला काय दिलं ते आईबापांनाही माहीत नव्हतं. सिक्रेटिनच्या २८ पैकी ९ मुलांत सुधारणा दिसली, मिठाच्या पाण्याच्या २८ पैकी ७ मुलांत. तरीही निकाल ऐकून ६९ टक्के पालकांची त्या औषधावरची आस सुटली नाही. मला त्यांचं नवल वाटत नाही. बावीस वर्षं स्पीच थेरपी करतेय, एखादं मूल बोललं की ‘माझ्यामुळे बोललं’ असं मलाही वाटतं. म्हणून तर तुलना लागते.

पोळी-दूध परत सुरू करा. डॉक्टरांनी ॲलर्जी किंवा सिलिॲक (गव्हामुळे होणारा आतड्याचा आजार) सांगितला असेल तर गोष्ट वेगळी. ते बंद करून ऑटिझम कमी होतो याला भक्कम पुरावा नाही, ताटातलं कॅल्शियम मात्र जातं.

गोवा आणि रावळपिंडीत ६५ मुलांवर एक अभ्यास झाला, २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. साध्या, शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी आईबापांना मुलाच्या कलानं घ्यायला शिकवलं. सगळंच सुधारलं नाही, पण मुलं आपणहून आईबापांशी जास्त संवाद करू लागली. तुम्हीही रोज अर्धा तास टीव्ही-मोबाइल बंद करून त्याच्या शेजारी बसा. तो गाडीचं चाक फिरवतोय? तुम्हीही फिरवा, ‘गोल गोल’ म्हणा, आणि थांबा. मनात दहा मोजा. तो बघेल, आवाज काढेल, हात ओढेल. लगेच दाद द्या. ‘हे काय? सांग ना’ असं विचारत बसू नका.

कानाची बेरा तपासणी, म्हणजे त्याला नीट ऐकू येतं का हे बघणारी तपासणी, झाली आहे का? तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर याच आठवड्यात मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात ईएनटी (कान-नाक-घसा) विभागात जाऊन विचारा.