दोरी आधी समजून घे, कोड नंतर लिही

तू दिंडोरीचा, द्राक्षबागेत गोफण फिरवलेला. तरी सांगतो, दोरीने जोडलेल्या उपग्रहांचा प्रोग्रॅम लिहिताना अंतराळातल्या फिरत्या दोरीला गोफण समजू नकोस. गोफणीला हात असतो. दोरीने जोडलेले दोन उपग्रह मात्र आपल्या सामायिक वस्तुमानकेंद्राभोवती फिरतात, आणि पृथ्वी खालच्याला वरच्यापेक्षा जरा जास्त ओढते. सगळी गंमत त्या 'जरा'त आहे. न फिरणारी दोरी त्यामुळेच उभी, म्हणजे पृथ्वीच्या केंद्राकडे रोखलेली राहते, लंबकासारखी झुलते. 90 मिनिटांच्या वर्तुळाकार कक्षेत, कक्षेच्या प्रतलातला छोटा झोका साधारण 52 मिनिटांचा. झोका सोडून तिने पूर्ण फेरी मारावी असं वाटत असेल, तर उभी असताना उभ्या रेषेच्या तुलनेत तिचा फिरण्याचा वेग कक्षेच्या कोनीय वेगाच्या (पृथ्वीभोवतीचा कोन बदलण्याच्या वेगाच्या) 1.73 पटीहून जास्त हवा.

आता दिशा. इथेच मी चुकलो होतो. कक्षेच्याच दिशेने फिरणारी दोरी ताठ राहते. उलट फिरवलीस, तर आडवी येताना तिला, पुन्हा उभ्या रेषेच्याच तुलनेत, कक्षेच्या कोनीय वेगाच्या दुपटीहून जास्त वेग लागतो, नाहीतर ती सैल पडते. माझ्या प्रोग्रॅममधली दोरी स्प्रिंगसारखी होती, सैल पडायच्या ऐवजी उपग्रहांना ढकलायची! तीन रात्री त्यात गेल्या. सैल झाली की ताण शून्य, ही ओळ सगळ्यात आधी लिही.

1966 मध्ये नासाचं जेमिनी 11 हे अंतराळवीरांचं यान आणि अजीना हे मानवरहित यान यांना 30 मीटर दोरीने बांधून फिरवलं, तेव्हा सुरुवातीला ती उड्या मारायच्या दोरीसारखी गरगरली होती.

रविवारी सकाळी गोदाघाटावर भेटू. ताणाचं सूत्र हाताने काढून आण.