तुझ्या पहिल्या पावसाआधी

प्रिय पोरी,

चिपळूणला जेई, म्हणजे कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झालीस हे कळलं, खूप बरं वाटलं. फोनवर विचारलंस ना, सरकारी नोकरीत शिकणं थांबतं का म्हणून. थांबतं गं, आपण थांबू दिलं तर. टेंडर, बिलं, एमबी (झालेल्या कामाच्या मोजमापाची सरकारी वही), माहिती अधिकाराचे अर्ज यातच दिवस जातो आणि पाच वर्षांनी लक्षात येतं की आपण इंजिनियर होतो.

म्हणून एक वही कर. एमबी नव्हे, तुझी स्वतःची.

मी नवीन असताना एका घाटरस्त्याला रिटेनिंग वॉल, म्हणजे माती अडवणारी भिंत बांधली, काँक्रीटच्या चाचणीचे क्यूब सगळे पास, आणि पहिल्याच जुलैत भिंत पुढे कलली. मग वरच्या वाडीतले एक आजोबा म्हणाले, इथे दर पावसात झरा फुटतो, तुमच्या आधीच्या साहेबांना म्हायती होतं की. त्या साहेबांची बदली झाली आणि झरा पण त्यांच्याबरोबर गेला, कागदावर कुठेच नव्हता. आपल्याकडे वर जांभा आणि खाली शेडी, म्हणजे मऊ चिकणमाती, जांभ्यातून पाणी भराभर उतरतं, शेडीवर येऊन अडतं आणि वरचं सगळं सरकायला लागतं, हे मी कॉलेजात शिकले होते तरी वीपहोल (भिंतीतून पाणी बाहेर पडायची भोकं) कमी ठेवले. चूक माझीच होती, आजही जीव हळहळतो.

तेव्हा मे महिन्यात गाडीतून उतरून चालत फिर. रस्त्याखालची प्रत्येक मोरी बघ, फोटो काढ, तारीख टाक, वाडीतल्या म्हाताऱ्यांना विचार. 22 जुलै 2021 च्या महापुरात पाणी कुठवर आलं होतं ते बाजारातले दुकानदार भिंतीवर हात ठेवून दाखवतील, तिथे लेव्हल (उंची मोजायचं यंत्र) लावून उंची घे आणि लिही. नंतर हे सगळं क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशावर टाक, फुकट आहे ते.

कोर्सेसचं म्हणशील तर आयगॉट कर्मयोगी या सरकारी कर्मचाऱ्यांच्या ऑनलाइन प्रशिक्षणाच्या पोर्टलवर ऑफिसच्या कामाचं बरंच मिळेल, पण एनपीटीईएल या आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन कोर्सेसमधलं जिओटेक (माती आणि खडकाचं इंजिनियरिंग) नक्की कर, लेक्चर फुकट असतात, फी फक्त परीक्षेची. व्हिडिओ पळवून सर्टिफिकेट घेऊ नकोस प्लीज. एक लेक्चर बघ आणि शनिवारी तेच डोक्यात ठेवून कुंभार्ली घाटात जा, कापलेल्या दरडीसमोर अर्धा तास उभी राहा.

अजून एक, भूजल सर्वेक्षणवाल्या भूवैज्ञानिकांशी ओळख कर. आपण आपल्याच खात्यात बसतो आणि जमिनीखालचं ज्यांना कळतं त्यांना चहाला सुद्धा बोलवत नाही, हे मला फार उशिरा सुचलं.

खात्याची परीक्षा पहिल्या फटक्यात काढ, त्यावर जास्त लिहीत नाही. आणि बदली झाली की वहीची झेरॉक्स पुढच्याच्या हातात दे, त्याने मागितली नाही तरी.

गणपतीत मी गावी असेन. येताना वही आण, पावसातली पानं बघायचीयत मला.

तुझी,
मावशी