पहिलं सुपरचार्जर किट: बूस्ट नंतर, ब्रॅकेट आधी

मित्रा, गाडीला पहिलं सुपरचार्जर किट (सुपरचार्जर म्हणजे इंजिनच्या बेल्टवर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) बसवायचा तुझा हुरूप छान आहे, पण आकड्यांमागे लागू नकोस. पहिल्या किटला ५-६ पीएसआय बूस्ट (कोंबलेल्या हवेचा जादा दाब) पुष्कळ. खरं दुखणं ब्रॅकेटचं, म्हणजे सुपरचार्जर इंजिनला धरून ठेवणाऱ्या आधाराचं. भोसरीत करून घेतलेली माझी पहिली ब्रॅकेट दिसायला दणकट, पण कात्रजच्या चढावर किंचित वाकली, पुली जेमतेम मिलिमीटरभर तिरकी झाली आणि बेल्टच्या कडेचे धागे निघाले. पुल्या एका रेषेत आहेत ना, हे सरळपट्टी लावून बघ. इंजिन तापवून, बंद करून पुन्हा बघ.

हमखास होणाऱ्या चुका:
- हवा वाढवायची, इंधन फवारणारे इंजेक्टर मात्र मूळचेच. मिश्रण लीन (हवेच्या मानाने इंधन कमी), मग नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून होणारी ठकठक), मग पिस्टनचा खर्च.
- वाइडबँड सेन्सर (धुरावरून हवा-इंधनाचं प्रमाण सांगणारा) न लावता कानावर ट्यूनिंग.

आणि हो, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीतल्या फेरबदलांबद्दलचं) आधीच वाच. इंटरकूलरचं (दाबून तापलेली हवा थंड करणारा) नंतर बघू.