वर्षअखेरची गणिताची उजळणी : पुस्तक पुन्हा पहिल्यापासून नको

सहावी ते आठवीच्या गणिताबद्दल पालक, शिक्षक आणि विद्यार्थ्यांनी विचारलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

प्रश्न : मुलगी सातवीत आहे. वर्ष संपायला चार आठवडे उरलेत. पहिल्या प्रकरणापासून सगळी उदाहरणे पुन्हा करून घेऊ का?

नको. बराचसा वेळ तिला येतच असलेल्या गोष्टींवर जाईल आणि कच्ची प्रकरणे शेवटी घाईत उरकली जातील. आधी एक चाचणी घ्या : २० उदाहरणे, ४० मिनिटे, पुस्तक-वही बंद, कॅल्क्युलेटर नाही. पूर्णांक संख्या, अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी, त्यांचा गुणाकार-भागाकार, दशांश अपूर्णांक, पदावली, गुणोत्तर-प्रमाण, शेकडेवारी, बैजिक राशी, समीकरणे आणि परिमिती-क्षेत्रफळ या १० घटकांवर प्रत्येकी दोन उदाहरणे द्या, पण क्रम मिसळून. दोनांपैकी एक चुकले तर ती नजरचूक असू शकते. दोन्ही चुकली तर घटकच कच्चा आहे.

उत्तर लिहिल्यावर खात्री वाटत असेल तर तिला शेजारी टिंब द्यायला सांगा. तपासताना टिंब असलेले चुकीचे उत्तर सर्वांत आधी हाती घ्या. तिथे चुकीचा नियम पक्का बसलेला असतो आणि नुसत्या सरावाने तो आणखी पक्का होतो.

त्यानंतर आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास पुरे. त्यातली २० मिनिटे एका कच्च्या घटकाला द्या आणि १० मिनिटे आधी झालेल्या घटकांच्या मिश्र उदाहरणांना. ही शेवटची १० मिनिटे सगळ्यात आधी गाळली जातात. ती गाळू नका, नाहीतर पहिल्या आठवड्यात केलेले चौथ्यापर्यंत पुसट होते.

प्रश्न : अपूर्णांक आणि ऋण संख्या दरवर्षी नव्याने शिकवाव्या लागतात. मुले नेमकी कुठे चुकतात?

चुका ठरावीक असतात, म्हणून त्या नेमक्या पकडता येतात.

१/२ + १/३ = २/५ ही सर्वांत परिचित. अंशात अंश, छेदात छेद मिळवला जातो. लसावि काढायला लावण्याआधी एवढेच विचारा : २/५ हे अर्ध्यापेक्षा मोठे की लहान? लहान. मग अर्ध्यात काहीतरी मिळवून उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसे येईल? उत्तराचा अंदाज घेण्याची सवय लागली, की ही चूक मूल स्वतःच पकडते.

वजाबाकीत ५ पूर्णांक १/४ मधून २ पूर्णांक ३/४ वजा करताना मुले ३ पूर्णांक २/४ लिहितात, कारण लहान अंश मोठ्यातून वजा केला जातो. इथे ५ मधला एक मोडून ४ पूर्णांक ५/४ असे आधी लिहायला लावा. उत्तर २ पूर्णांक १/२.

भागाकारात ‘उलटा करून गुणा’ पाठ असते, पण कोणता उलटायचा ते विसरते. दोन-तीन उदाहरणे समान छेदाने करून घ्या : ३/४ ÷ २/५ म्हणजे १५/२० ÷ ८/२०, म्हणजे १५ ÷ ८. उत्तर १५/८. छेद सारखा झाला की फक्त अंशांचा भागाकार उरतो, आणि दुसरा अपूर्णांक उलटण्यामागचे कारणही दिसते.

ऋण संख्यांमध्ये −३ − ५ चे उत्तर ८ येते, कारण ‘दोन ऋण मिळून धन’ हा गुणाकार-भागाकाराचा नियम इथे लावला जातो. संख्यारेषेवर −३ वरून आणखी ५ घरे डावीकडे जायला लावा : −८. शिवाय −३² म्हणजे −९ आणि (−३)² म्हणजे ९, हा फरक फळ्यावर शेजारीशेजारी लिहून दाखवा.

प्रश्न : सहावीत आहे. मी ‘कंचेभागुबेव’ (कंस, ‘चे’, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम) नीट पाळतो, तरी १० − ४ + ३ चुकले. का?

तू आधी बेरीज केलीस म्हणून. ४ + ३ = ७ आणि १० − ७ = ३ असे झाले असणार. बेरीज आणि वजाबाकी यांचा दर्जा सारखाच आहे. ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने डावीकडून करायच्या : १० − ४ = ६, ६ + ३ = ९. भागाकार-गुणाकारालाही हेच लागू. तिथे भागाकार आधी केला तरी उत्तर बरोबर येते, म्हणून गडबड लक्षात येत नाही. ‘बेव’वर मात्र लगेच फसायला होते.

प्रश्न : प्रत्येक सरावसंच बरोबर येतो, परीक्षेत मात्र सगळे गोंधळते.

सरावसंचावर प्रकरणाचे नाव असते, त्यामुळे कोणती रीत लावायची हे आधीच कळलेले असते. परीक्षेत ती निवडावी लागते, आणि निवडण्याचा सराव झालेलाच नसतो. शेकडेवारीची ही तीन उदाहरणे एकत्र द्या : ८० चे २० टक्के किती? ८० पैकी २० म्हणजे किती टक्के? २० ही कोणत्या संख्येचे ८० टक्के? आकडे तेच, उत्तरे १६, २५ टक्के आणि २५. मूल तिन्हीकडे एकच रीत लावत असेल, तर दुखणे सापडले.

समप्रमाण आणि व्यस्तप्रमाण यांचेही असेच. ६ मजुरांना १० दिवस लागतात, तर १५ मजुरांना किती? बरेच जण २५ लिहितात. माणसे वाढली तर दिवस वाढतील की कमी होतील, हे आधी शब्दांत लिहायला लावा. मग ६ × १० = ६०, ६० ÷ १५ = ४ दिवस.

एक दिवस १० उदाहरणे द्या आणि सोडवू देऊ नका. प्रत्येकापुढे फक्त रीत लिहायची.

प्रश्न : समीकरणांत ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ हे मुलाला पाठ आहे. तरी उत्तरे चुकतात.

त्याच नियमामुळे चुकतात. ३क्ष = १२ मध्ये तो क्ष = १२ − ३ लिहितो. उजळणीचा एक आठवडा हे वाक्य बंद ठेवा आणि दोन्ही बाजूंवर एकच क्रिया, प्रत्येक ओळीत लिहून करू द्या. कंसापुढचे ऋण चिन्हही तपासा : ७ − (क्ष − ३) म्हणजे १० − क्ष, पण मुले ४ − क्ष लिहितात. क्ष = १ ठेवून पाहिले की मूळ राशी ९ येते, त्याची ३.

शेवटी उत्तर मूळ समीकरणात ठेवून ताळा करायचाच. ३(क्ष − २) = २क्ष + ५ मध्ये क्ष = ११; डावीकडे २७, उजवीकडेही २७.

प्रश्न : भूमितीची सगळी सूत्रे पुन्हा पाठ करून घ्यावीत का?

सूत्रांपेक्षा एककांकडे बघा. १ मीटर म्हणजे १०० सेंटिमीटर, म्हणून १ चौरस मीटर म्हणजे १०० चौरस सेंटिमीटर असे धरले जाते; खरे उत्तर १०० × १०० = १०,०००. चौकटीच्या कागदावर ६ × ४ आणि ८ × २ असे आयत काढून घ्या. दोघांची परिमिती २०, क्षेत्रफळ मात्र २४ आणि १६.

प्रश्न : उजळणी पुरेशी झाली हे कसे ओळखावे?

चौथ्या आठवड्यात पहिलीच चाचणी आकडे बदलून, तेवढ्याच वेळात घ्या. एखाद्या घटकात दोन्ही उदाहरणे पुन्हा चुकली, तर त्याच्या मागच्या पायरीवर जा. शेकडेवारी चुकत असेल तर अपूर्णांक आणि दशांश तपासा, समीकरणे चुकत असतील तर ऋण संख्या.