‘स्ट्रिंग्ज’चं काम हे टायपिंगच का?

प्रश्न : मी बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. बस तिकिटांचं अँड्रॉइड ॲप करणाऱ्या कंपनीत इंटर्नशिप करतेय. मराठी माध्यमातली म्हणून ॲपच्या मराठी स्ट्रिंग्ज, म्हणजे बटणांवर आणि स्क्रीनवर दिसणारा मजकूर, माझ्या गळ्यात पडल्या. मित्र म्हणतात, हे टायपिंग आहे. सोडून देऊ का?
– एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : इतक्यात सोडू नकोस. मात्र इंग्रजी फाइल शेजारी उघडून एकेक ओळ मराठीत उतरवायची आणि ‘व्हॅल्यूज-एमआर’ या मराठी मजकुराच्या फोल्डरमध्ये टाकायची, एवढंच करत राहिलीस तर मित्रांचं म्हणणं खरं ठरेल. ते भाषांतर झालं. डेव्हलपरचं काम त्याच्या आधीच सुरू होतं.

तुझ्याच ॲपचं बघ. कोडमध्ये गावाच्या नावाला ‘ला’ चिकटवला असेल, तर ‘कोल्हापूरला’ छान दिसतं. ‘पुणेला’, ‘साताराला’ आलं की प्रवासी हसतात. इथे भाषांतरकार काय करणार? वाक्याची मांडणीच बदलावी लागते : ‘कुठे : पुणे’. किंवा ‘1 जागा शिल्लक आहे’, ‘3 जागा शिल्लक आहेत’ घे. जागा तीच राहते, क्रियापद बदलतं. बरेच जण कोडमध्ये ‘एक असेल तर’ अशी अट घालून मोकळे होतात. मराठीत दोन रूपांवर भागतं, पण अरबीत सहा लागतात. तिथे ती अट कोलमडते. अँड्रॉइडमध्ये यासाठी ‘प्लुरल्स’ ही सोय आहे, संख्येनुसार वाक्याचं योग्य रूप निवडणारी; ती नीट शिकून घे.

आता सीनियरकडे स्वतःहून काम माग. कोडमध्ये थेट लिहिलेली वाक्यं शोधून स्ट्रिंग फाइलमध्ये हलव. स्यूडोलोकेल, म्हणजे चाचणीपुरती खोटी भाषा, चालू करून ॲप उघड : त्यात इंग्रजी मजकूर मुद्दाम लांबवलेला, वेड्यावाकड्या अक्षरांत दिसतो. कुठलं बटण फुटतं आणि कुठलं वाक्य साधंच राहिलं, ते लगेच कळतं. असे दुरुस्त केलेले बग रेझ्युमेत लिही. ‘900 स्ट्रिंग्ज भाषांतरित’ असल्या ओळीवर मुलाखतीत कुणी थांबत नाही.

फावल्या वेळात ट्रान्सलेटविकी या भाषांतराच्या संकेतस्थळावर खातं काढ. मराठी विकिपीडियाच्या मेनूंतला मजकूर तिथे भाषांतरित होतो आणि तुझं काम कुणालाही बघता येतं.

फक्त या एकाच कौशल्यावर नोकरी शोधू नकोस. फ्रेशरसाठी फक्त याच कामाची पदं फारशी निघत नाहीत. अँड्रॉइड ॲप लिहायची भाषा कॉटलिन पक्की कर, हे त्याच्या जोडीला ठेव. आणि मागूनही महिनाभरात कोडला हात लावू दिला नाही, तर खुशाल दुसरी इंटर्नशिप बघ.