अर्धा भरलेला दुधाचा टँकर ब्रेक मारल्यावर पुढे का रेटतो?

टाकीतलं दूध मोकळं हलतं म्हणून: गाडी थांबते, पण दुधाची लाट पुढच्या पत्र्यावर आदळते. डिझेलच्या टँकरमध्ये लाट फोडायला आत पत्र्याचे आडवे पडदे असतात. दुधाच्या टाकीत ते सहसा टाळतात, कारण कोपऱ्यात साय चिकटून राहिली की धुलाई अपुरी होते आणि पुढची खेप नासते. 10,000 लिटरच्या टाकीत निम्मं दूध म्हणजे सुमारे 5,150 किलो हलतं वजन. घाटात उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाका, ब्रेक लवकर आणि हलका दाबा, थांबल्यावरही लाट बसेपर्यंत पाय काढू नका. वळणाआधीच वेग कमी करा. गाडी कलंडते ती तिथेच. टाकीला कप्पे असतील तर एक पूर्ण भरा, दुसरा रिकामा ठेवा. मात्र फक्त मागचा भरलात तर पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंगची पकड जाते.