प्रश्न तुमचे, उत्तरं आमची: जुन्या मोबाइलमधले व्हिडिओ कॉम्प्युटरवर

प्रश्न : २००८ च्या अनंत चतुर्दशीला रात्री राजवाड्यापाशी मिलच्या झाँक्यांचे (मिरवणुकीतल्या चित्ररथांचे) व्हिडिओ काढले होते, नोकिया एन७० वर. ते कॉम्प्युटरवर घेतले, पण चित्र आगपेटीएवढं दिसतं आणि मोठं केलं की चौकटी-चौकटी होतात. ढोल-ताशाचा आवाज फाटतो. टीव्हीला पेनड्राइव्ह लावला तर फाइल उघडतच नाही. नावातलं थ्रीजीपी खोडून एमपी४ लिहिलं, तरी काही फरक नाही. काय करू?
— एक वाचिका, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : नाव पुन्हा थ्रीजीपी करून ठेवा. नाव बदलल्याने फाइलच्या आतलं काही बदलत नाही. आत चित्र आणि आवाज कोणत्या कोडेकने, म्हणजे दाबून साठवायच्या कोणत्या पद्धतीने, साठवले आहेत, सगळं त्यावर ठरतं. फाइल व्हीएलसी या मोफत प्लेयरमध्ये उघडून कंट्रोल आणि जे ही बटणं एकत्र दाबा. त्या काळच्या फोनच्या फाइलमध्ये बहुधा चित्रापुढे एच.२६३ आणि आवाजापुढे एएमआर दिसेल. व्हीएलसी दोन्ही वाचतो, पुष्कळ टीव्ही वाचत नाहीत. टीव्हीसाठी एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज असलेली एमपी४ फाइल बनवावी लागेल.

त्याच खिडकीत चित्राचा आकार बघा. तो १७६ × १४४ असेल तर एका फ्रेममध्ये २५,३४४ ठिपके आहेत. फुल एचडी पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात, म्हणजे ८० पटींहून जास्त. जो तपशील कॅमेऱ्याने टिपलाच नाही, तो कोणतंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. म्हणून फाइल मोठ्या आकारात बदलून घेऊ नका. पडद्यावर मोठं दाखवण्याचं काम टीव्हीवर सोडा. आवाजाचंही तेच आहे. एएमआर हे कोडेक फोनवरच्या बोलण्यासाठी बनवलेलं. त्यात सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, त्यामुळे ४,००० हर्ट्‌झच्या वरचा आवाज नोंदलाच जात नाही. ताशाची धार नेमकी त्या वरच्या पट्टीत असते. फोनच्या माइकला तो दणका झेपला नसेल तर आवाज मुळातच फाटलेला आहे. बदलताना तो आणखी बिघडू न देणं, एवढंच आपल्या हातात आहे.

हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. घरच्या माणसांचे व्हिडिओ अनोळखी ऑनलाइन कन्व्हर्टरवर चढवू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. फाइल हँडब्रेकमध्ये ओढून टाका आणि ‘समरी’मध्ये फॉर्मॅट एमपी४ ठेवा. मग ‘डायमेन्शन्स’मध्ये जाऊन क्रॉपिंग ‘ऑटोमॅटिक’वरून काढून ‘नन’ करा. रात्रीच्या व्हिडिओत ही पायरी चुकवू नका: सॉफ्टवेअर काठावरचा अंधार काळी पट्टी समजून कापतं आणि झाँकीची कडा त्यात जाते. तिथेच अपस्केलिंगची (चित्र मोठं करण्याची) खूण बंद आहे ना, ते पाहा. ‘फिल्टर्स’मध्ये डीइंटरलेस बंद करा, फोनच्या व्हिडिओला ते लागत नाही. ‘व्हिडिओ’मध्ये एन्कोडर एच.२६४, फ्रेमरेट ‘सेम अ‍ॅज सोर्स’, खाली ‘कॉन्स्टंट’, आणि क्वालिटीची पट्टी १८ वर. इथे आकडा जितका कमी तितकं चित्र चांगलं, हे उलटं गणित लक्षात ठेवा. ‘ऑडिओ’मध्ये एएसी, मोनो, ६४ केबीपीएस पुरे, सॅम्पल रेट (सेकंदाला किती नमुने) मात्र ‘ऑटो’ न ठेवता ४८, म्हणजे ४८,००० हर्ट्‌झ, निवडा, कारण ८,००० हर्ट्‌झचा एएसी आवाज काही टीव्ही वाजवत नाहीत.

आधी एकच फाइल बदलून टीव्हीवर लावून बघा, मग बाकीच्या. अंधारात फार मुंग्या दिसत असतील तर ‘फिल्टर्स’मधलं ‘डीनॉइज’ एनएलमीन्सवर ठेवा, पण ‘लाइट’च. त्याहून जोरात लावलं की झाँकीवरचे बल्ब एकमेकांत मिसळून नुसता पिवळा पट्टा उरतो.

मूळ थ्रीजीपी फाइली पुसू नका. प्रत्येक रूपांतरात थोडा दर्जा जातोच, त्यामुळे पुढे कधी नवीन फाइल करायची झाली तर ती मूळ फाइलवरूनच करावी. मूळ फाइली दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. बदललेल्या फाइलवर आजची तारीख पडते, म्हणून नावातच ‘२००८-०९ अनंत चतुर्दशी’ असं आधी वर्ष, मग महिना लिहा.

प्रश्न : माझाही एन७० आहे, पण तो सुरूच होत नाही. कार्ड आखूड आहे, रीडरमध्ये बसत नाही. व्हिडिओ कसे काढू?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : ते आरएस-एमएमसी कार्ड आहे. नेहमीच्या एसडी कार्डाएवढीच रुंदी, पण लांबी जवळजवळ निम्मी. लांबी वाढवणारा छोटा अ‍ॅडॉप्टर लावला की एमएमसी चालणाऱ्या एसडी रीडरमध्ये ते वाचता येतं. अ‍ॅडॉप्टरशिवाय आत ढकलू नका. आत अडकलं की काढताना कार्डही जातं आणि रीडरही.

फोनसाठी बीएल-५सी बॅटरी लागते. ती लहान एफएम रेडिओतही वापरतात, त्यामुळे अजून मिळते. जेल रोडच्या मोबाइल बाजारात विचारा. जुनी बॅटरी फुगली असेल तर चार्ज करून पाहू नका. फोन सुरू झाला की गॅलरी तपासा. काही व्हिडिओ कार्डावर नसून फोनच्या मेमरीत असतात, ते आधी कार्डावर हलवा. एमएमएसने आलेले तर इनबॉक्समध्येच पडून असतात, एकेक उघडून सेव्ह करावे लागतात. कार्ड ‘फॉर्मॅट करू का’ असं कॉम्प्युटरने विचारलं तर ‘नाही’ म्हणा. अशा कार्डावर काहीही नवीन न लिहिता फोटोरेक हे मोफत सॉफ्टवेअर चालवा, आणि सापडलेल्या फाइली कॉम्प्युटरच्या डिस्कवर उतरवा.

प्रश्न : मुंजीचा मोबाइल व्हिडिओ नुसता बघताना ठीक असतो, एडिटिंगला घेतला की मंगलाष्टकं ओठांच्या पुढे धावतात.
— एक वाचिका, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : प्रकाश कमी झाला की फोन फ्रेमचा वेग आपोआप घटवतो. प्लेयर ते सांभाळून घेतो, काही एडिटिंग सॉफ्टवेअर मात्र वेग सारखाच आहे असं धरून चालतात, आणि व्हिडिओ जितका लांब तितकी तफावत वाढत जाते. वरच्या पद्धतीने हँडब्रेकमधून काढा, पण फ्रेमरेट ३० आणि ‘कॉन्स्टंट’ ठेवा. एडिटिंगला नवीन फाइल घ्या.

प्रश्न : रेकॉर्डिंग चालू असताना बॅटरी संपली. ४० एमबीची एमपी४ फाइल आहे, पण कुठेच उघडत नाही.
— एक वाचक, देवास

उत्तर : चित्र-आवाज कुठे कसे ठेवले आहेत याची यादी फोन साधारणपणे रेकॉर्डिंग थांबवल्यावर लिहितो. तुमच्या फाइलमध्ये ती लिहायची राहिली असणार, त्यामुळे हँडब्रेकचा इथे उपयोग नाही. अनट्रंक हे मोफत सॉफ्टवेअर ती यादी नव्याने बांधायचा प्रयत्न करतं. त्यासाठी त्याच फोनवर, त्याच रेझोल्यूशनला काढलेली एक चांगली फाइल नमुना म्हणून द्यावी लागते. फोन चालत असेल तर मिनिटभराचा नवा व्हिडिओ काढा, आणि बिघडलेल्या फाइलच्या प्रतीवरच हा प्रयोग करा.